सावडीची हजेरी

ज्यांना मोबदला द्यायचा नाही आणि ज्यांच्यावर सक्ती करण्याचा कोणताही अधिकार आपल्याला नाही, अशा माणसांचे नाटकमंडळ कसे चालवावे? मुळशी तालुक्यात शिक्षक म्हणून रुजू झालो त्याच वर्षी हा प्रश्न माझ्यापुढे आला आणि त्याचे पहिले उत्तर मी चुकीचे दिले. गणित कुठे चुकले हे कळल्याशिवाय बरोबर रीत मनात बसत नाही, असा वर्गातला अनुभव आहे; म्हणून चुकीपासूनच आरंभ करतो.

काळ सत्तर सालानंतरचा. भरे गावाहून पायी तासाभरावरचे भातशेतीचे गाव, दोनशिक्षकी शाळा. माघातल्या उत्सवाला दरवर्षी एक नाटक होत असे, तेही दुपारी. कारण लांबच्या वाड्यांवरील प्रेक्षकांना दिवस मावळण्यापूर्वी डोंगर चढून घरी पोहोचायचे असे. रंगमंच म्हणजे शेजारी शेजारी उभ्या केलेल्या दोन बैलगाड्या, त्यांच्या जुवांखाली ओंडके, चाकांखाली दगड आणि वर फळ्या. पडदा मांजरपाटाचा. तो वर्षभर शाळेच्या कपाटात असे व त्याच्या घड्यांत कडुलिंबाचा पाला घालावा लागे. पाला विसरला, तर पुढच्या वर्षी उंदरांनी पडद्याला स्वतःची दारे पाडलेली असत. संगीताची बाजू पौडच्या बाजारात किराणा दुकान असलेले एक मुसलमान गृहस्थ सांभाळीत. लहानथोर त्यांना चाचा म्हणत. सायकलीच्या कॅरियरवर पेटी बांधून ते तालमीला येत आणि चढावर पेटी आपोआप एखादा सूर काढी, त्यावरून ते आल्याचे आम्हांस कळे.

मंडळ माझ्या हाती आले तेव्हा मी सर्वप्रथम नियम केले. दिवाळीनंतर रोज दिवेलागणीला तालीम, अवधी दीड तास, हजेरीपटावर नोंद. आणि तीन गैरहजेऱ्या झाल्यास भूमिका दुसऱ्याला. हे मी फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले व मोठ्याने वाचून दाखवले. सर्वांनी माना डोलावल्या. मान डोलावणे म्हणजे संमती, असे मी धरून चाललो.

नाटक मीच लिहिले होते. बापामागे राहिलेल्या एका विहिरीवरून भांडणाऱ्या दोन भावांची ती गोष्ट होती. थोरल्या भावाचे मुख्य काम तिशीतल्या एका शेतकऱ्याकडे आले. चार वर्षे तो या मंडळात केवळ पडदा ओढीत होता. भूमिका मिळाल्याचे सांगितले, तेव्हा त्याने दोन्ही तळहात धोतराला पुसले आणि आपल्या संवादांचा कागद दोन्ही हातांनी घेतला. धाकटा भाऊ करणार होते कचेरीतले एक कारकून. त्यांचे पाठांतर चांगले होते. थोरल्याचे काम गळालेच तर ते कारकुनांकडे जाणार, हेही ठरलेले होते.

प्रत्येक नटाला आम्ही ‘नक्कल’ देत असू. नक्कल म्हणजे ज्यात फक्त त्याचेच संवाद आणि त्याआधीच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द लिहिलेले असतात, असा कागद. संपूर्ण नाटक उतरवण्यापेक्षा यात कागद व श्रम वाचतात. एक प्रत माझ्याकडे राहावी म्हणून कार्बन घालून सगळ्या नकला मी रविवारी एका बैठकीत उतरवल्या आणि स्वतःवर प्रसन्न झालो.

तिसऱ्याच दिवशी थोरला भाऊ आला नाही. भात कापणीला आले होते. त्याच्या जागी दाराजवळ त्याची बायको पदर खोचून, नक्कल मांडीवर घेऊन बसली होती.

“वहिनी, काही निरोप आहे का?” मी विचारले.

“निरोप न्हाई. हजेरी लावा. ह्यांच्या बदली मी आलीया.”

“अहो, ही तालीम आहे. इथे बदली माणूस कसे चालेल?”

“का न्हाई चालत? सावडीला चालतंय. घरचं एक माणूस आलं, की त्या घराचा दिवस भरला.”

सावड ही त्या भागातली रीत. आज मी तुझ्या खाचरात भात कापायचे, उद्या तू माझ्या खाचरात. मजुरी नाही, फक्त फेड. ज्या घराचा दिवस द्यायचा असेल, त्या घरचा नवरा, बायको, भाऊ, कोणीही एक जण आला म्हणजे झाले. घर मोजतात, माणूस नव्हे. ज्या गावाचे निम्मे आयुष्य या हिशेबाने चालते, त्या गावाने माझा हजेरीपटही त्याच हिशेबाने वाचला होता.

सगळे हसू लागले. मी म्हणालो, “नियम नियम असतो.”

चाचा पेटीचा भाता सारीत म्हणाले, “गुरुजी, कायदा तुमचाच हाय. त्यात ‘घरचं माणूस चालणार न्हाई’ असं कुटं लिवलंय ते दावा.”

मी फळ्याकडे पाहिले. तसे लिहिलेले नव्हते. जे लिहिलेले नाही त्यावरून शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व मी मुलांना शिकवीत असे. निरुपायाने मी हजेरी मांडली, पण पेन्सिलीने. शाईने नव्हे.

“पेन्सिलीनं का?” वहिनींनी लगेच विचारले.

“कारण ही हजेरी कच्ची आहे. शेवटच्या तालमीला तुमच्या यजमानांनी दुसरा अंक सर्वांसमोर उभ्याने करून दाखवावा. तीनदा अडखळले, तर काम कारकुनांकडे जाईल. न अडखळल्यास या सर्व हजेऱ्या मी शाईने गिरवीन.”

“म्हंजी नुसतं येऊन बसून भागायचं न्हाई.”

“नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि नक्कल माझ्यापुढे सरकवली. “मग ह्यो कागद ठेवा. मला वाचाय येत न्हाई, आन् ह्यांना वाचाया येळ न्हाई.”

त्या दिवसापासून त्या रोज आल्या. कान देऊन ऐकत. एखादा भाग हरवला, की सरळ तालीम थांबवीत: “गुरुजी, त्यो मधला तुकडा पुन्यांदा घ्या. मला लागला न्हाई.”

एकदा कारकून वैतागले. “वहिनी, तालीम आमची आहे का तुमची?”

“ज्याला येतंय त्येची,” त्या म्हणाल्या. कारकुनांना त्या दिवशी येत नव्हते, म्हणून विषय तिथेच संपला.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या खाचराकडे गेलो. शिक्षकाने घरभेटी द्याव्यात, असा दंडक होता. आणि खरे सांगायचे तर, हा गृहस्थ नाटक विसरून गेला असेल, अशी माझी खात्रीच झाली होती. बांधावर पोहोचलो तो काय! आठ-दहा माणसे ओळीने भात कापीत होती आणि वहिनी विळा चालवता चालवता अख्खे नाटक म्हणत होत्या. धाकटा भाऊ त्या, सरपंच त्या, साक्षीदारही त्याच. नवरा वाकलेल्या स्थितीतच थोरल्याची उत्तरे देत होता. अडला, की ओळीतले कोणीतरी सांगे. सावडीला आलेली एक म्हातारी तर थोरल्याच्या बाजूने इतकी पेटली होती की वहिनींवरच ओरडली, “मेल्या, इहीर काय तुझ्या बापाची हाय व्हय?”

“आवो आत्ती, बापाचीच हाय! म्हनून तर भांडान लागलंय!”

सगळी ओळ विळे थांबवून हसली. म्हातारी म्हणाली, “मग दोघांच्या बी पाठीत घाला,” आणि पुन्हा कापू लागली.

इतक्यात माझ्या कानांवर एक अनोळखी वाक्य पडले. मी लिहिले होते, “बंधो, तुझा विवेक कोठे लोप पावला?” खाचरात त्याचे झाले होते, “आरं, तुझी अक्कल कुटं चरायला गेली?”

“वहिनी, वाक्य बदलले आहे.”

“तुमचं वाकून म्हनता येत न्हाई, गुरुजी. दम लागतुया.”

मी बांधावरच ते मनात दोन्ही रीतींनी म्हणून पाहिले. त्यांचे म्हणणे खरे होते. जे वाक्य काम करताना म्हणता येते, ते गाडीवरच्या फळ्यांवरून शेवटच्या माणसापर्यंतही पोहोचते. मी वहीत दुरुस्ती केली. नंतर आणखी अकरा वाक्ये अशीच बदलली. त्यांतली दोन कारकुनांनी बदलली, आणि ती वाईट होती.

शेवटच्या तालमीच्या दिवशी झोडणी उरकून थोरला भाऊ स्वतः आला. केसांत अजून भाताची कुसे होती. वहिनी नेहमीच्या जागी बसल्या. मी खुर्ची मध्यभागी ठेवून सांगितले, की अडखळणे मी बोटांवर मोजणार आहे.

दुसऱ्या अंकाच्या आरंभीच तो थांबला. मी एक बोट उघडले. वहिनींनी ओठ घट्ट मिटून घेतले. मदत केली असे कोणी म्हणू नये, म्हणून त्या भिंतीवरच्या नकाशाकडे पाहू लागल्या. थोड्या वेळाने सरपंचाशी बोलताना तो पुन्हा थांबला. दोन बोटे. चार वर्षे पडदा ओढलेला तो माणूस आता काम गमावण्यापासून एका वाक्याच्या अंतरावर उभा होता.

आणि विहिरीच्या भांडणाच्या ऐन मध्यावर एकाएकी शांतता पसरली. मी तिसरे बोट उघडले.

“गुरुजी, बोट मिटा,” चाचा म्हणाले. “आधी अडलंय कोन ते बघा.”

मी वहीत पाहिले. पुढचे वाक्य थोरल्याचे नव्हते, कारकुनांचे होते. ते छताकडे पाहत होते. थोरल्याने धाकट्याचे वाक्य स्वतःच म्हटले, लगेच बाजू बदलून त्याचे उत्तरही दिले आणि अंक शेवटपर्यंत नेला. बोलताना त्याचा डावा हात कमरेवर गेला होता, अगदी वहिनी नवऱ्याला बोल लावताना ठेवत तसा.

कारकुनांनी आपली नक्कल घडी करून खिशात घातली. “मला एकच भाऊ येतो, तोही अर्धा,” ते म्हणाले. “ह्याला दोन्ही येतात. काम त्याचंच.”

“थोरला भाऊ जरा वहिनीवानी हुभा ऱ्हातुया,” चाचांनी शेरा मारला, “पर भांडतुया झ्याक.”

“भांडायला मीच शिकिवलंय,” वहिनी म्हणाल्या, आणि उठून माझ्या टेबलापाशी आल्या. “आता शाई काढा.” मी दौत उघडली. एकेक खूण गिरवून होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि एक राहून गेलेली खूण त्यांनीच बोटाने दाखवली.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंत मी ते मंडळ चालवले आणि तीन गोष्टी बदलल्या. हजेरी माणसाची न घेता घराची घेतली. नक्कल देण्यापूर्वी संपूर्ण नाटक सर्वांना तीनदा ऐकवले. कारण नकलेने कागद वाचतो हे खरे, पण प्रत्येक नटाला फक्त स्वतःचे येते, आणि शेजारचा अडला की दोघेही बुडतात. आणि तालमीचे वेळापत्रक मी कापणी पाहून आखू लागलो. पूर्वी मी ते शाळेच्या सुट्ट्या पाहून आखीत असे. गाण्यांना ही रीत लागू पडली नाही: एकाने सूर शिकून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, आणि तसे करून पाहिले त्या वर्षी चाचांनी पेटी अर्ध्यातच बंद केली होती.

हे सारे मी एकाच गावात, एकाच मंडळात पाहिले आहे. सावडीची रीत जिथे नाही, तिथे हे उत्तर येईलच असे मी सांगू शकत नाही. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या मंडळात एक हंगाम अशी हजेरी घेऊन पाहावी आणि उत्तराचा ताळा स्वतःच करावा, एवढी विनंती आहे.