डावीकडचं स्टूल

कापड बेतताना शिंपीमास्तरांना उजवा हात मोकळा लागायचा, म्हणून काकूंचं स्टूल दुकानात कायम त्यांच्या डावीकडे. काजं-बटणं करता करता काकूंच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा आणि मास्तर मान न वळवता "हं" म्हणायचे. सगळा संसार त्या "हं"वर झाला.

मग एक दिवस मास्तरांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. जिवावरचं निभावलं. हॉस्पिटलातही काकूंनी सवयीने स्टूल डावीकडेच ओढलं. मास्तर ताटातलं उजव्या बाजूचं तेवढं खायचे, दाढी अर्धीच करायचे आणि नर्सला विचारायचे, "आमची ही येत नाही का हो?" तेव्हा त्यांचा डावा हात काकूंच्याच हातात असायचा. काकूंना वाटलं, हा माणूस कसला तरी राग धरून बसलाय.

अशा रुग्णांचा अभ्यास करणारी एक कॉम्प्युटरवाली मुलगी तिथे होती. तिने कागदावरची छापील फुलं मास्तरांना खोडायला दिली. त्यांनी उजवीकडची खोडली आणि "झालं" म्हणाले. मग तिने काकूंना स्क्रीन दाखवला. माणसाचं लक्ष कसं चालतं त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम तिने बनवला होता; त्यानेही डावीकडची सगळी फुलं तशीच सोडली होती.

"काकू, डोळे ठणठणीत आहेत. गुठळीमुळे लक्षच उजवीकडे ओढलं जातंय. प्रोग्रॅममध्ये मी डाव्या बाजूचा जोर कमी केला, तर तोही असाच वागायला लागला."

"मग त्याची बायको कुठे बसते?"

मुलगी हसली, मग तिची नजर डावीकडच्या स्टुलावर गेली.

काकूंनी स्टूल उचलून उजवीकडे ठेवलं. मास्तरांचा चेहरा फुलला. "आलीस! कुठे उलथली होतीस इतके दिवस?" काकू रडल्या, मग मनसोक्त भांडल्या. फार सुखाचा दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगी चाचरत म्हणाली, "उजवीकडे ओढणारं काही असलं की प्रोग्रॅम डावीकडे फिरकतच नाही. उजवी बाजू रिकामी ठेवून डावीकडून सारखं बोलावलं, तर हळूहळू वळतो. डॉक्टरही तेच करून बघा म्हणतात. पण माणूस वळेलच, असं छातीठोकपणे नाही सांगता येत."

"तोवर यांना वाटणार, मी टाकून गेले."

"हो, काकू."

काकू बराच वेळ मास्तरांचं बोलणं ऐकत बसल्या. मग उठून त्यांनी उजवीकडचा पडदा ओढला आणि स्टूल डावीकडे नेलं.

"गेली वाटतं," मास्तर पडद्याला म्हणाले. "सांगूनसुद्धा गेली नाही."

"अहो, इकडे बघा. इकडे."

आवाजासरशी मास्तर वळले, ते उजवीकडेच. काकूंनी त्यांचा सदरा मांडीवर घेतला आणि बटण लावता लावता दुकानातल्यासारखं बोलायला सुरुवात केली. मध्येच थांबून त्यांनी कान दिला. "हं" आलं नाही. त्यांनी पुढचं बटण घेतलं.