देवघरात गेलेला बिल्ला

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, चांदा जिल्ह्यातल्या मूल गावी, नवमीच्या भर बाजारात, एका रेंगीला अटक झाली होती. रेंगी म्हणजे माणसांना बसायची छपराची हलकी बैलगाडी. आरोपी लाकडाची होती, वयाने माझ्याहून मोठी होती आणि तिने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं. तिच्या उजव्या चाकाच्या आऱ्यांतून साखळी ओवून ती गाडीतळाच्या लोखंडी कडीला कुलपाने जखडली होती. बैल सुटे होते. बैलांवर काही आरोप नव्हता.

आज हे सांगताना माझ्या मिशा हसतात. तेव्हा मला मिशाच नव्हत्या आणि हसू तर त्याहून दूर होतं.

मी निघालो होतो बहिणीला आणायला. मूलच्या पुढे तीन कोस, जंगलाच्या पोटात तिचं सासर. तिच्या सासूची अट अशी की नवमीच्या दिवेलागणीला माहेरची गाडी दारात लागली, तर दसऱ्याच्या पहाटे सून निघेल. नाही लागली तर पुढच्या वर्षी बघू. भाऊ पायी आला तर पाणी पिऊन परत जाईल, सून पायी जाणार नाही. आदल्या वर्षी आमच्या गाडीचा आस मोडला, त्याच्या आदल्या वर्षी बैल आजारी पडला. दोन दसरे हुकले. सासूने निकाल लावून टाकला होता की माहेरच्यांना पोर नकोच आहे. महिन्यापूर्वी त्या गावची एक बाई बहिणीचा निरोप घेऊन आली होती. तो मी अजून विसरलो नाही: "भावाले सांग, दोन वर्सं गाठोडं बांधलं नि सोडलं. तिसऱ्यांदा सोडा लागलं तं मी पुन्हा बांधणार नाई."



तर मी पहाटेच गाडी जुंपली, दुपारच्या आत मूलला पोचलो. सासूसाठी लुगडं घ्यायचं होतं आणि बैलांना दम खाऊ द्यायचा होता. गाडी तळावर उभी केली, बैल सोडून चारा टाकला, लुगडं घेऊन आलो, तो चाकाला साखळी! समोर मुन्शी उभा. हा गाडीतळाचा कारकून. काळी टोपी, कानाला पेन्सिल, आणि चेहरा असा की साक्षात कायदाच जेवून उठलाय.

"बिल्ला कुठी हाय?" मुन्शी म्हणाला.

वर्षभर तळावर उभं राहायचा हक्क ज्या गाडीने घेतला, तिला एक पत्र्याचा बिल्ला मिळे. तो पुढे, दांडीवर, सगळ्यांना दिसेल असा ठोकायचा. आमच्याकडे बिल्ला होता. मी ऐटीत दांडीकडे बोट दाखवलं आणि माझं बोट तसंच हवेत राहिलं. दांडीवर फिकट रंगाचा एक चौकोन होता आणि दोन खिळ्यांची भोकं. बिल्ला नव्हता.

आणि मग मला सकाळ आठवली. खंडेनवमी! आमच्याकडे त्या दिवशी कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ, सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून देवापुढे मांडतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मायचं म्हणणं, गाडीनेही वर्षभर राबावं आणि तिची पूजा होऊ नये, हा कुठला न्याय? पण गाडी देवघरात मावत नाही. मग तिच्या वतीने तिचा बिल्ला! खिळे उपटून बिल्ला मायच्या हातात कुणी दिला? या महाराजांनी. स्वतःच्या हाताने. वर "माय, झेंडू लाव त्याले" असंही म्हणालो होतो.

मी हे सगळं मुन्शीला सांगितलं. हातवारे करून सांगितलं. फिकट चौकोनावर बोट ठेवून सांगितलं.

"मुन्शीजी, तुमीच तं दिला ना बिल्ला! हे भोकं तुमच्यासमोर पाडले!"

"मले मालूम हाय," मुन्शी म्हणाला. "तुले बी वळखतो, तुया बापाले बी वळखत होतो. बिल्ला खरा हाय. पन गाडीवर काऊन नाई?"

"देवघरात हाय!"

"मंग देवघरात उभी कर ना गाडी. इथी जागा दिसून राह्यली, बिल्ला नाई दिसून राह्यला. दंड पडते."

तळावरचे दोघे-चौघे गाडीवाले हसले. मला हसू येईना. जंगलाच्या नाक्यावरचा आडवा बांबू सूर्य बुडाला की खाली यायचा, त्या रस्त्याला वाघाचा वावर होता आणि अंधारात गाडी सोडत नसत. तीन कोस म्हणजे बैलांना तीन तास. सावली गाडीच्या पलीकडे सरकली होती. मी भांडण सोडलं. हात जोडले.

"दंड घ्या, मुन्शीजी. दुप्पट घ्या. पन साखळी काढा. माही बहीण वाट पाहून राह्यली."

"असं म्हन ना मंग," मुन्शी म्हणाला आणि मोठ्या दिमाखात चौकीत वळला. मी मागोमाग. दारातच तो थबकला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

चौकीच्या कोपऱ्यात पाटावर पावतीपुस्तक होतं. त्यावर हळदीची पाच बोटं, कुंकू, सुपारी, झेंडू. शेजारी शिक्का. शिक्क्याशेजारी लिहायचा टाक. आणि सगळ्यांच्या वर, फुलांच्या मधोमध, साखळीच्या कुलपाची किल्ली.

मुन्शीनेही सकाळी आपली हत्यारं पुजली होती! त्याचं ते कुलूप नुसतं दाबलं की लागायचं. किल्ली लागायची ती फक्त उघडायला. तेव्हा हे शूर गृहस्थ नवमीच्या दिवशी गाड्या पकडू शकत होते, सोडू मात्र शकत नव्हते.

"उचला ना," मी म्हणालो.

"पुजलेली किल्ली?" मुन्शी एक पाऊल मागे सरकला. "मागच्या साली मी नवमीलेच पूजा उचलली नि चार दिवसांत घरची पडली आजारी. मी नाई उचलत. तू उचलशीन?"

मी उचलू शकलो नाही. ही खरी गोष्ट आहे. बिल्ला देवघरात ठेवून आलेला मी, त्याच्या पाटावरून किल्ली कसा काढणार? दोन भक्त, एक कुलूप. मी चौकीच्या पायरीवर बसलो, लुगडं मांडीवर घेतलं आणि तोंड लुगड्यात घालून रडलो. एकोणीस वर्षांचा घोडा, भर बाजारात. डोळ्यांपुढे बहीण होती, गाठोड्याची गाठ सोडताना.

"अबे, लुगड्याले डाग लावतो का?"

हे होते तळाला लागून ज्यांचं दुकान होतं ते चाचा. गाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात त्यांचा हात पंचक्रोशीत धरणारा कोणी नव्हता. मघापासून ते सगळं ऐकत होते.

"बेटा, पूरा बाजार हत्यारं पुजून बसला," चाचा म्हणाले. "आज सुतार नाई, लोहार नाई, मुन्शी बी नाई. एक माहाच हातोडा खुला हाय. मुन्शीजी, तुमी अटक कोनाले केली? गाडीले का चाकाले?"

मुन्शी विचारात पडला. "साखळी तं चाकाले हाय."

"मंग ठेवा चाक."

पुढे जे झालं ते बघायला निम्मा बाजार जमला. आसाखाली ओंडका सरकवला, खीळ ठोकून काढली आणि माझं उजवं चाक साखळीसकट कडीशी बंदिवान राहिलं. चाचांनी दुकानातून एक चाक गडगडत आणलं. मोठ्या मालगाडीचं, आमच्या चाकापेक्षा चांगलं चार बोटं उंच आणि भोकाला सैल. त्यांनी आसाला चिंध्या गुंडाळल्या, वंगण चोपडलं, खीळ मारली आणि म्हणाले, "सांभाळून ने. डावीकडे झुकन, पन जाईन."

मुन्शीने जखडलेल्या चाकाभोवती एक फेरी मारली आणि जाहीर केलं, "चाक माह्या ताब्यात हाय, म्हंजे गाडी बी माह्या ताब्यात हाय. जा तू." त्याच्या चेहऱ्यावर माझ्याहून जास्त सुटका होती. दंड पुढे भरावा लागला, ते वेगळं. त्या पावतीला हळदीचा वास होता.

तीन कोस मी गाडीत बसलो नाही. उंच चाक दर फेऱ्याला कण्हायचं, छप्पर डावीकडे कलायचं आणि मी डाव्या बाजूने खांदा लावून धावत होतो. चिंध्या सुटल्या, माझं धोतर फाडून पुन्हा कोंबल्या. सागाच्या शेंड्यांवर ऊन लाल झालं. नाक्यावरच्या शिपायाने बांबूच्या दोरीला हात घातला होता. मला पाहून त्याचा हात थांबला. दयेने की आश्चर्याने, देव जाणे. मी पार झाल्यावरच बांबू खाली आला.

बहिणीच्या दारात दिवा लागत होता. ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी, काखेत गाठोडं. सकाळपासून तशीच असावी. मी घामाने, वंगणाने, धुळीने न्हालेलो, गुडघ्यापर्यंत फाटकं धोतर. लुगडं तेवढं पुढे केलं. सासूने लुगडं घेतलं, गाडीभोवती फिरली, एक चाक पाहिलं, दुसरं चाक पाहिलं, कलंडलेल्या छपराकडे मान तिरकी करून पाहिलं.

"हे का गाडी झाली?" सासू म्हणाली. "असल्या गाडीत मी सून धाडू? रस्त्यात उलटली म्हंजे?"

सासूचं चुकत नव्हतं. उलटू शकत होती.

माझी बहीण चार वर्षांत त्या सासूपुढे मान वर करून बोलली नव्हती. तिने गाठोडं छातीशी धरलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली:

"उलटली तं पायी जाईन, आत्याबाई, पन हे गाठोडं मी आता सोडत नाई!"