किल्टच्या चुण्या, आईचं लुगडं

जायचं की नाही, यावर आमच्या कर्वेनगरच्या घरात पंधरा दिवस खल चालला होता. लेक सई ग्लासगोला शिकते आणि तिचा पदवीदान समारंभ होता. अडत होतं ते आईपाशी. दीड वर्षापूर्वी बाथरूममध्ये पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. वॉकर धरून ती जेमतेम दोन मिनिटं उभी राहते, आणि तेव्हा दोन्ही हात वॉकरला गुंतलेले. मग लुगडं नेसणार कशी? मला नेसवता येत नाही. इतकी वर्षं ती ‘शिकून घे’ म्हणायची आणि मी ‘बघू गं’ म्हणायचे.

जन्मभर नऊवारीत वावरलेली आई तेव्हापासून गाऊनमध्ये आहे. बेल वाजली की ‘झोपलेय म्हणून सांग’ म्हणते आणि खोलीचं दार लावून घ्यायला लावते. चार घरच्या बातम्या ठेवणारी बाई, पण दीड वर्षात एकाही माणसाला भेटली नाही. मला ते हाड मोडण्यापेक्षा वाईट वाटतं.

शेवटी वारज्याचा भाऊ दहा दिवस राहायला आला. निघताना आई म्हणाली, “जा सुखाने. मी कुठे पळून जाणारे?”

मुंबईहून दुबईमार्गे ग्लासगो. जुलैतही स्वेटर लागतो आणि छत्रीचा उपयोग नाही, वारा ती उलटी करतो. टोपीचं जॅकेट न्या. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. सूप, पाव आणि भाजलेला बटाटा कुठेही मिळतो. तीन दिवसांनी बटाटा नकोसा होतो, त्यासाठी मेतकूट जवळ असावं.

समारंभ झाला, डोळे पुसून झाले, आणि सईने जाहीर केलं, “आई, उद्या तुला एक क्लास लावलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळची इनव्हर्नेसची बस. साडेतीन तास लागतात. तिकीट आधी काढलं तर निम्म्यात पडतं. डाव्या-उजव्या खिडकीचा वाद घालू नका, दोन्हीकडे डोंगर आहेत. इनव्हर्नेसच्या अलीकडे एका छोट्या गावात उतरलो. तिथल्या सभागृहात इयन नावाचे सत्तरीचे गृहस्थ जुन्या पद्धतीचा मोठा किल्ट नेसायला शिकवतात. दुकानात मिळतो तो शिवलेला किल्ट निराळा. हा म्हणजे नुसतं लांबलचक लोकरी कापड. खरं तर पुरुषांचा पोशाख, पण शिकायला आलेल्या सहांत आम्ही चार बायका होतो.

“पूर्वी कापडाचा पन्हा अरुंद असायचा,” इयन सांगू लागले. “साधारण नऊ वार घ्यायचं, मधोमध कापायचं आणि दोन्ही तुकडे लांबीला जोडायचे.”

नऊ वार! मी सईला कोपराने ढोसलं. आता आपल्याला कोण शिकवणार, अशा थाटात मी उभी राहिले, कापड पोटाशी धरलं आणि साडीच्या निऱ्यांसारख्या बोटांवर चुण्या घालू लागले. पाचवी चुणी घेईपर्यंत ते जड कापड धप्पकन पायांवर आलं. सई फोनवर शूटिंग करत होती. करा, नाव काढा आईचं.

इयन जवळ आले. “बाई, खाली ठेवा. त्याचा भार जमिनीला घेऊ द्या.”

मग रीत कळली. आधी पट्टा जमिनीवर पसरायचा. त्यावर कापड. गुडघ्यावर बसून, चौकड्याची एकच रेघ पुन्हा पुन्हा वर आणत मधल्या भागात चुण्या घालायच्या, दोन्ही टोकं सपाट सोडायची. आणि मग त्या चुण्यांवर चक्क उताणं झोपायचं! दोन्ही टोकं पोटावर घ्यायची, पट्टा आवळायचा, की नेसून झालं.

“खरंच झोपून नेसायचे?” मी विचारलं.

“कोणी हो म्हणतं, कोणी नाही,” इयन म्हणाले. “माझ्या गुडघ्यांना मात्र हेच परवडतं. आता उभ्याने जमत नाही.”

मी त्या लाकडी जमिनीवर उताणी पडले होते. पाठीखाली लोकर, वर छताची तुळई. आणि मला आई दिसली, सकाळी दुधाकडे लक्ष ठेवत, मला पाढे म्हणायला लावत, तीन मिनिटांत लुगडं नेसणारी. काठीवर वाळणाऱ्या तिच्या ओल्या लुगड्याखालून मी पळायचे आणि ती ओरडायची. ते सगळं एकदम दाटून आलं. इयननी विचारलं, पट्टा फार आवळलाय का? मी मानेनेच नाही म्हटलं.

उरलेले दिवस सरोवरं, किल्ले वगैरे पाहिले. फोटो आहेत. माझं मन तिथे नव्हतं हे खरं.

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी कपाटातून आईचं निळं चौकड्याचं इरकली लुगडं काढलं आणि तिच्या पलंगावर आडवं पसरलं.

“हे काय मांडलंयस?” आई म्हणाली.

“झोप यावर. नेसवते.”

“मेल्यावर नेसवतात झोपवून. मी आहे अजून.”

हे मला सुचलंच नव्हतं. बॅगेतून फोन काढला आणि सईने क्लासात घेतलेला इयनचा व्हिडिओ तिच्यापुढे धरला. सत्तरीचा धडधाकट माणूस जमिनीवर झोपतो, पट्टा आवळतो, उठून उभा राहतो. आईने तो दोनदा पाहिला.

“पुरुष असून चुण्या बऱ्या घालतो,” ती म्हणाली आणि पलंगाकडे वॉकर वळवला.

चाळीस मिनिटं लागली. गाठ मारली ती सैल, निऱ्या घातल्या त्या तिरप्या. “चौकडा बघून घाल, डोळे कशाला दिलेत?” ती झोपल्या झोपल्या शिकवत होती. तिने कूस बदलली, मी काष्टा मागे खोचला. “आणखी घट्ट. चालायचंय मला.” मी शिकत होते, पन्नाशी उलटल्यावर, एकदाची.

ती उठून खुर्चीत बसली. पदर खांद्यावरून घेतला आणि मांडीवरच्या काठावरून हात फिरवला.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारच्या कुलकर्णीकाकू होत्या. मी सवयीने आईच्या खोलीचं दार ओढून घेऊ लागले.

“राहू दे उघडं,” आई म्हणाली. आणि मग, दीड वर्षांत ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात, “कोण, कुसुम का? ये गं आत.”