मामाचा हिरवा कप

माझा मामा एका रोपवाटिकेत खत करायचा. तीस वर्षं. माणसांशी बोलायला कंजूष, पण खताच्या ढिगाशी तासन्‌तास पुटपुटत बसेल. त्याच्याकडे कान तुटलेला एक चहाचा कप होता. ढीग कुजून तयार झालासा वाटला की त्यातलं मूठभर खत कपात भरायचं, मुळ्याचं बी टाकायचं आणि आठ दिवस थांबायचं. बी तरारून आलं की तो हिरवा कप त्याच ढिगावर ठेवायचा. मग कोणीही खुशाल पोती भरावीत. कपाला विचारल्याशिवाय मालकसुद्धा ढिगाला हात लावत नसे.

आईचा तर भावापेक्षा कपावर जास्त विश्वास. ती घरामागे रोपं करून विकायची. बाबांनी नऊ वर्षं एकेक गोड फळ निवडून टोमॅटोचं बी धरलं होतं. ते गेल्यावर दोन वर्षं तिचा हात त्या बियांच्या बरणीकडे गेला नाही. बी म्हातारं व्हायला लागलं, तेव्हा यंदा सगळंच पेरायचं असं तिने ठरवलं.

त्याच वर्षी रोपवाटिकेच्या कुंपणाची निलगिरी पाडली. पाला बारीक करून, शेण मिसळून मामाने ढीग लावला. "याला वर्ष लागणार," तो म्हणाला. "हे झाड आपल्याखाली दुसऱ्याला वाढू देत नाही. पानातच असतं ते विष. कुजून कुजून जातं."

दोनच महिन्यांत त्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली. निघता निघता त्याला दिसलं, जुन्या ढिगावरचा कप उन्हात सुकतोय. त्याचा जीव कळवळला. त्याने कप उचलून सावलीतल्या ढिगावर ठेवला. सावलीतला ढीग निलगिरीचा होता. मुळ्याच्या चार कोंबांसाठी जीव टाकणाऱ्या माणसाचं डोकं नेमकं तेव्हाच कुठे गेलं होतं, कोण जाणे! मला अजून त्याचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी आईने त्या ढिगातून सहा पोती भरून आणली.

तीन आठवड्यांनी मामा डोळ्याला पट्टी लावून आमच्याकडे आला. ट्रेमधली रोपं दोन पानांवर अडून बसली होती, मुळांची टोकं तपकिरी. त्याने माती नाकाशी नेली. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी दिवसभर एका डोळ्याने एकेक रोप धुऊन साध्या मातीत लावत राहिला. मी नुसती पाण्याचे मग भरून देत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. चौथ्या दिवशी सगळ्या रोपांनी माना टाकल्या.

"बरणीत चिमूटभर तरी ठेवलं असशील ना?" मामाने विचारलं.

"सगळं पेरलं, दादा."

"अगं, पण पोतं उघडलं तेव्हा निलगिरीचा वास नाही आला?"

आई रिकामी बरणी पुसत राहिली.

"आला होता," ती म्हणाली. "पण तुझा कप हिरवा होता."