तीळ भाजू नकोस

शेवटचं भेटलो तेव्हाही विनायक माझ्याशी भांडलाच. इकडे आखातात, रास अल खैमातल्या त्याच्या घरी, हॉलमध्ये आणून ठेवलेल्या पलंगावर तो उशांना टेकून बसला होता. हृदय थकलं होतं, दोन वाक्यांच्या मध्ये दम खावा लागत होता, जीभ मात्र शाबूत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "विन्या, संक्रांतीला येतो आम्ही शारजाहून. तुझी तिळाची बिस्किटं खायला." तो म्हणाला, "यंदा आमच्याकडे संक्रांत नसणार. तू करून आणायचीस." घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरी सण करत नाहीत, तिळगूळ काय नि फराळ काय, जवळच्यांनी नेऊन द्यायचा, ही आपली रीत. तो काय सांगतोय ते मला कळलं. "मी कधी ओव्हनला हात लावलाय?" एवढंच कसंबसं म्हणालो. "मग लाव. नाहीतर ती बिस्किटं माझ्याबरोबरच खलास. आणि तीळ भाजू नकोस, गाढवा," असं म्हणून त्याने डोळे मिटले. थोड्याच दिवसांनी माधुरीवहिनींचा फोन आला. "भावोजी, हे गेले..."

आम्ही दोघं इथल्या एकाच टाइल्सच्या फॅक्टरीत उमेदवारीपासून होतो. मी डिस्पॅचला, तो भट्टीवर. भट्टी म्हणजे लांबच लांब बोगदा, एका तोंडाने कच्ची टाइल आत जाते आणि दुसऱ्या तोंडाने भाजून बाहेर येते. बाहेर आलेली टाइल विन्या नखाने टिचकी मारून कानाशी धरायचा. तडा असेल तर आवाज बद्द येतो, नीट भाजली असेल तर खणखणीत. मग भुवई चढवून ती उलटी करायचा, बूड बघायचा आणि जास्त भाजलेली दिसली की 'ओव्हरफायर्ड' म्हणून बाजूला काढायचा. मोजायची यंत्रं होती की, पण याचा आपल्या नखावर जास्त भरवसा. त्यामुळे तो भयंकर गर्विष्ठ झाला होता आणि वाईट म्हणजे त्याचा गर्व बहुतेक वेळा खरा ठरायचा.

नवी भट्टी बसवायला इटलीहून एक तंत्रज्ञ आला, साल्वो नावाचा, सिसिलीचा. जाडजूड आणि बोलका. एकदा चहाच्या सुट्टीत त्याने घरून आलेला पत्र्याचा निळा डबा उघडला. आत बोटाएवढी बिस्किटं, चहूबाजूंनी तीळ लावलेली. विन्याने एक तोंडात टाकलं आणि जाहीर केलं, "हे आमचं आहे." साल्वो चिडला. त्याच्या गावी तिळाला जुज्जुलेना म्हणतात, शब्द अरबांनी दिला, तीळही त्यांनीच आणले, बिस्किटं मात्र त्याच्या आईची, असं त्याने हातवारे करत सांगितलं. "अरबांकडे कुठून आले असतील, विचार त्यांना," विन्या म्हणाला. शेवटी साल्वोनेच पैज मारली, "तुमचं आहे ना? यल्ला, चल, मग करून दाखव!"

आणि इथे आमच्या भट्टीवाल्याची फजिती झाली. मराठी घरात तीळ हातात घेतले की कढई आपोआप गॅसवर चढते. लाडू असो, चटणी असो, तीळ आधी भाजायचे. विन्यानेही ते खमंग तडतडेपर्यंत भाजले, मग पिठाच्या वळकट्या दुधात बुडवून त्यात घोळवल्या आणि ओव्हनमध्ये ठेवल्या. भाजलेले तीळ पुन्हा भाजले गेले. बिस्किटं दिसायला देखणी, चवीला कडूजहर. "कारल्याची आहेत का हो?" माधुरीवहिनींनी विचारलं. साल्वोने एक खाल्लं आणि कपाळावर हात मारून घेतला. तीळ कच्चे लावायचे, ते ओव्हनमध्येच भाजले जातात, ही साधी गोष्ट सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं, कारण आधी भाजण्याचा उद्योग त्याच्या गावात कुणी करतच नाही! भट्टीचं तापमान तोंडपाठ असलेला माणूस तिळापुढे आडवा झाला, हे मी फॅक्टरीभर सांगत फिरलो. कित्येक महिने मला ते पुरलं.

पण विन्या हरून बसणारा नव्हता. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ओव्हन तापायचा. बिस्किटं जमायला लागली, तेवढ्यात पुण्याहून त्याची आई राहायला आली. साल्वोच्या कृतीत अंडं होतं, आणि माउलींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "तिळाला अंडं लावलंस तर संक्रांतीला माझ्या पाया पडू नकोस." झालं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. अंड्याऐवजी दूध, लोण्याऐवजी साजूक तूप, थोडी वेलची. फुटत होती, पसरत होती, दगड होत होती. एकदाची जमली. आईंनी चहात बुडवून एक खाल्लं, मग दुसरं मागून घेतलं. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही. साल्वोने मात्र बराच वेळ चावत राहून निकाल दिला, "हे बरोबर नाही..." आणि मग हात पुढे केला, "अजून एक दे." सुट्टीवर गावी जाताना त्याने तीच 'बरोबर नसलेली' बिस्किटं आईसाठी नेली. निळा डबा त्याने विन्यालाच देऊन टाकला होता, बिस्किटं नेली पिशवीत घालून.

तेव्हापासून आमच्या गोतावळ्यात संक्रांत म्हणजे विन्याची बिस्किटं. आधी बायका नाकं मुरडायच्या, "अहो, तिळगूळ कुठाय?" "खाऊन बघा, मग बोला. गोड बोलायची सक्ती नाही," हा याचा शिष्टाचार. पुढे त्याच बायका डबा उघडायच्या आधी रांग लावायला लागल्या. गोड बोलणं त्याला आयुष्यात कधी जमलं नाही, पण करून खायला घालणं जमलं. परक्या गावची एक वस्तू त्याने आपल्या देवघरापर्यंत नेऊन पोचवली, आणि तिच्या मूळ मालकालाही ती मागायला लावली. मला त्याचा अभिमान वाटतो. जिवंतपणी सांगितलं असतं तर म्हणाला असता, "मग? वाटायलाच पाहिजे."

एकच सल त्याच्या मनात राहिली होती, इराची. त्याची ही एकुलती एक मुलगी इथेच वाढली, आता दुबईत नोकरी करते. लहानपणी तो तिला ओव्हनपुढे उभी करून बिस्किट कानाशी धरायला लावायचा. "बाबा, वी कॅन जस्ट बाय कुकीज," असं म्हणून ती पळायची. तो हसायचा, पण मग दिवसभर घुम्यासारखा बसायचा.

तर, संक्रांत आली. मी पीठ, तूप, तीळ आणून ठेवले आणि सकाळी वेलची संपली म्हणून दुकानात गेलो. परत येतो तर जिन्यातच खमंग वास! बायकोने मदत म्हणून तीळ भाजून ठेवले होते. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही... त्या तिळाची चटणी झाली. नवे तीळ आणून बिस्किटं केली आणि रास अल खैमाला निघालो. रस्ताभर बायको डबा मांडीवर धरून बसली होती.

वहिनींनी दार उघडलं. घरात कसलाही वास नव्हता. मी बिस्किटं ओट्यावरच्या त्या निळ्या डब्यात ओतली. इरा आतून आली, तिने एक उचललं, नखाने टिचकी मारली आणि कानाशी धरलं. मग उलटं करून बूड बघितलं, अगदी विन्यासारखंच, भुवई चढवून. वहिनींच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"ओव्हरफायर्ड, काका," इरा म्हणाली.

"मग पुढच्या वेळी तू कर," मी म्हणालो.

"ऑब्व्हियसली," असं म्हणून तिने डबा जवळ ओढला आणि दुसरं बिस्किट कानाशी धरलं.