साडूंचा कॅलिफोर्निया

एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी ऐकून घरदार सोडून निघालेल्या माणसांशी जबलपूरच्या एका सेवानिवृत्त मराठी गृहस्थाचे नाते काय, हा प्रश्न सोडवण्यासाठी मी हे लिहीत आहे. गृहस्थ म्हणजे माझे साडू. त्या माणसांविषयी त्यांच्याइतकी आपुलकी बाळगणारा दुसरा कोणी नर्मदेच्या दोन्ही काठांवर नसेल, असे मी जबाबदारीने म्हणतो.

संरक्षण कारखान्यात हयात घालवून साडू जबलपुरातल्याच महाराजपूरला स्थायिक झाले आणि वाचनालयातल्या इतिहासाच्या पुस्तकांनी त्यांना कायमचे कॅलिफोर्नियाला नेले. धोब्याला उशीर झाला म्हणून ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, करवादल्या की साडू शांतपणे सांगत, तिथल्या काही लोकांचे कपडे धुवायला समुद्रापार जात असत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याने पहिला घास घेण्याआधीच, खलाशी बंदरात गलबते टाकून डोंगराकडे कसे पळाले, हे त्याला कळलेले असे. सराफ्यातून घरी आले की चपलांचे तळ परातीत धुऊन ते गाळ निरखत. सोनारांच्या दुकानांतला केर विकत घेऊन धुणारी माणसे आहेतच, मग आपली चप्पल काहून वाया घालवायची, हा त्यांचा युक्तिवाद. एकदा नर्मदेच्या तिलवारा घाटावरची वाळू त्याच परातीत घोळवून त्यांनी चमचमते कण मिळवले. सराफाने भिंग लावून “भैया, ये तो अभ्रक है” असा निर्वाळा दिला, तेव्हा साडू पेढे घेऊन आमच्याकडे आले. कॅलिफोर्नियातही पुष्कळांची अशीच फसगत झाली होती. आपण त्यांच्या पंक्तीला बसलो, याचा त्यांना आनंद होता. ताईंनी मात्र कणकेसाठी नवी परात आणली.

गेल्या वर्षी त्यांच्या एकुलत्या एक मुलीला नोकरीचे बोलावणे आले, तेही थेट कॅलिफोर्नियाहून. साडू आता गच्चीवरून ओरडून सांगतील, असे आम्हांला वाटले. साडू गप्प झाले. ताईंचा विरोध उघड होता आणि बाबांनी हो म्हटल्याशिवाय आपण होकार कळवणार नाही, असे मुलीने सांगून टाकले होते. मुदत संपत आली तेव्हा साडू माझ्याकडे आले. मी शाळेत शिकवलेले, म्हणून ते मला मास्तरच म्हणतात.

“मास्तर, तिकडं गेलेल्यांपैकी परत किती आले हो? एवढं वाचलं मी, पण हे कधी पाहिलंच नाही.”

 

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे जमलो. इथे काय कमी आहे, असे ताईंनी पुन्हा विचारले. उत्तर साडूंनी दिले.

“त्या लोकांना कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेले. आपले पूर्वजही घर सोडूनच इकडं आले. आपल्या पोरीला तर तिकडचे शोधत येऊन राहिले. अच्छा बेटा, जा. कळवून टाक.”

एवढी ताठ मान मी त्यांची कधी पाहिली नव्हती. मुलगी मात्र रडली, आणि तिला गप्प करता करता ताईही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या खोलीत मिळाले: उंबरठा ओलांडणारा कोणीही असो, साडूंना तो आपल्याच घरचा वाटतो. पण एक फरक पडला आहे. हल्ली ते जाणाऱ्यांविषयी फारसे बोलत नाहीत. जे घरी परतले, त्यांच्याच गोष्टी शोधून शोधून सांगतात. माझा शब्द प्रमाण मानू नका. महाराजपूरला गेलात तर त्यांच्याजवळ बसा, विषय काढा आणि स्वतः पडताळून पाहा.