सभापतींचे शुक्रवारचे सभागृह

ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांना मी एका बैठकीत एकटे पाडले. ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षे कोणालाही, अगदी पत्नीलाही, सांगितली नाही.

आम्ही त्यांना सभापती म्हणत असू. अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्याच इमारतीत ते राहत. कंपनीतही सहकारी, वयाने मात्र वडील. अमेरिकेत त्यांनी कधी पाऊल ठेवले नव्हते, पण तिथला कारभार कोण कसा वळवतो, याचे त्यांना विलक्षण वेड होते.

शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुटीच्या दिवशी, जेवणे झाली की फिरायला कुठे जायचे, हे त्यांच्या घरी रीतसर ठरावाने ठरे. मुले हॉलमध्ये, ते कनिष्ठ सभागृह. आम्ही मोठी मंडळी जेवणाच्या टेबलाभोवती, ते वरिष्ठ. दोन्हीकडे ठराव संमत झाल्याखेरीज गाडीची किल्ली मिळत नसे. माझी पत्नी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन हॉलकडे वळली की ते ओरडत, "आल्या लॉबीवाल्या! वहिनी, मॉलसाठी किती मतं फोडलीत?" त्यांची मुलगी दोन्ही खोल्यांत बातम्या पोहोचवी. "कॉर्निश इज विनिंग!" असे तिने समुद्रकाठच्या रस्त्याच्या बाजूने उगीचच जाहीर केले की हॉलमधला कौल फिरे.

"अंकल, दॅट्स चीटिंग!" माझा मुलगा चिडे.

"चीटिंग कसलं, हबीबी? बातमी खरी का, हे तुम्ही कोणी विचारलंत? तिकडेही नाही विचारत."

मग मंदी आली. बँकांना वाचवण्याचे विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने फेटाळले, तेव्हा ऑफिसात सगळे चक्रावले. सभापती शांत होते. "निवडणूक तोंडावर आलीय. मतदारांचे फोन खणखणताहेत, म्हणून घाबरलेत. आता चार जणांच्या सोयीची कलमं त्यात घालतील आणि तेच विधेयक पास करतील." तसेच झाले. "एकट्याचा फोन म्हणजे कटकट," ते म्हणत, "पुष्कळांचे आले की त्याला मतदारसंघ म्हणतात."

दुबई मरीनातले आमच्या कंपनीचे बांधकाम अर्ध्यावर थांबले आणि माणसे कमी होणार, हे उघड झाले. सभापतींनी एकच मागणी योजली: ज्यांना काढाल त्यांचा व्हिसा आणि घर मुलांच्या परीक्षा होईपर्यंत राहू द्या. त्यांची मुलगी दहावीत होती. आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "अनंतराव, मी बोलतो. तुम्ही फक्त पाठिंबा द्या. एक उठला की बाकीचे उठतील."

"देतो की," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

बैठकीत ते बोलले, मृदू, मुद्देसूद. शेवटी म्हणाले, "सर, हे माझ्या एकट्याचं म्हणणं नाही." मॅनेजरने खोलीभर नजर फिरवली. "एनीबडी एल्स?" सभापतींनी माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या नकाशाची घडी नीट करत बसलो. "खलास," मॅनेजर म्हणाला.

त्यांना काढले, मला ठेवले. परीक्षेपूर्वीच ते कुटुंबासह कोल्हापूरला परतले आणि मुलीचे वर्ष वाया गेले. निरोपाच्या वेळीही त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी मला बोल लावला असता, तर मला थोडे हलके वाटले असते.

पुढे माझी बदली दूरच्या रुवैस गावी झाली, पत्नी आणि मुलगा पुण्याला गेले. रुवैसला शुक्रवारी काहीही ठरवायचे नसे. एका माणसाचे जेवण, एका माणसाचे ताट. फोनवर पत्नी विचारी, "आज कुठे गेला होतात?" आणि मी म्हणे, "कुठे नाही." सभापतींचा नंबर माझ्याकडे होता. तो काढून पाहायचा आणि फोन बाजूला ठेवायचा, एवढेच जमे.

परवाच्या रजेत कोल्हापूरला गेलो. दार त्यांच्या मुलीनेच उघडले. सभापती थकले होते, पण मला पाहून उठले. "या, अनंतराव! चहा टाकायला सांगतो."

"आधी ऐका," मी म्हणालो. मुलगी आत निघाली होती, तिलाही थांबवले. "त्या दिवशी मी शब्द देऊन गप्प बसलो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. तुमच्यावर अन्याय झाला, हिचं वर्ष गेलं, त्यात माझा हात आहे. माझं चुकलं. तुम्हा दोघांची मी माफी मागतो."